देवक व भूमी

विवाह, उपनयन इ. मंगलकार्यांच्या आरंभी ज्याची विधिपूर्वक स्थापना करतात आणि कार्य संपल्यावर ज्याचे उत्थापन करतात, अशा पूज्य प्रतीकास महाराष्ट्रात देवक म्हणतात. हे प्रतीक सामान्यतः मूर्तिरूप नसते. झाडाच्या डहाळ्या, वेलीचा तुकडा, पक्ष्याचे पीस, शस्त्र किंवा व्यवसायाचे अवजार यांपैकी एक वा अनेक वस्तू एकत्र आणून ते सिद्ध करतात. ‘देव’ या शब्दापासून साधलेल्या या संज्ञेचे मराठीत दोन अर्थ आहेत. ‘देवक बसविणे’ या प्रयोगात तो विधिवाचक आहे. ‘अमुक घराण्याचे देवक मोराचे पीस’ असे म्हणताना तो कुलवाचक होतो. मानवशास्त्रविषयक मराठी लेखनात ‘टोटेम’ या संज्ञेस देवक हाच प्रतिशब्द योजण्यात आल्यामुळे त्यास तिसरा अर्थही चिकटला. या तिसऱ्या अर्थाने पहिले दोन बरेचसे झाकून टाकले, असे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील लेखन पाहता म्हणावे लागते. कुळाचा मूळपुरुष कोणते झाड वा प्राणी होता, याचीच चर्चा अधिक झाली. देवक कोठून आणतात, कसे रचतात आणि ते आणल्याने काय साधते, या प्रश्नांकडे त्या मानाने लक्ष गेले नाही. वस्तुतः देवकाचा भूमीशी असलेला संबंध या दुसऱ्या प्रश्नांतूनच उलगडतो.

ब्राह्मणी विधीत देवकप्रतिष्ठा हा मंगलकार्याच्या पूर्वांगाचा भाग आहे. अविघ्नकलश, मातृका व मंडपदेवता यांची स्थापना त्यात अंतर्भूत असते. नंदिनी, नलिनी, मैत्रा, उमा, पशुवर्धिनी व शस्त्रगर्भा या सहा मंडपदेवता होत. आंब्याच्या पानांच्या, सुताने गुंडाळलेल्या जुड्या हेच त्यांचे रूप असून शस्त्रगर्भेच्या जुडीत नावाप्रमाणे शस्त्र घालतात. या जुड्या व कलश सुपात मांडतात. म्हणजे देवतेचे संस्कृत नाव, आंब्याचे पान, घरातले सूप आणि लोखंडाचे पाते या चार वेगळ्या क्षेत्रांतल्या गोष्टी येथे एका मांडणीत येतात. देवक बसल्यापासून ते उठेपर्यंत यजमानाच्या घरी अशौचाचा अडथळा येत नाही, असा शास्त्रार्थ आहे. एरवी सुपात पडलेली पाने ही केवळ पाने असतात. बांधणी झाली की तीच घराला काही दिवसांपुरती मृत्यूच्या नियमांपासूनही वेगळे काढतात. वस्तूला हे सामर्थ्य रचनेने येते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मराठा, कुणबी, धनगर, माळी, तेली, कुंभार इ. समाजांत देवक आणण्याच्या क्रियेला अधिक महत्त्व आहे. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये जातीजातींच्या विवाहविधींची वर्णने आली असून त्यांत देवकाचा उल्लेख पुनःपुन्हा होतो. संपादकांनी इंग्रजीत त्याला ‘विवाहाचा रक्षक’ म्हटले आहे. हा शब्द, पुढे रूढ झालेल्या ‘टोटेम’पेक्षा, लोकसमजुतीच्या अधिक जवळचा वाटतो. दख्खनमधील विधीचा सर्वसाधारण क्रम असा : घरातील एक विवाहित जोडपे शेल्याची गाठ बांधून वाजतगाजत निघते. पुरुषाच्या हाती कुऱ्हाड असते, स्त्रीच्या हाती पूजेचे ताट. डोक्यावर वस्त्र धरलेले असते. बहुधा मारुतीच्या देवळात देवकाच्या डहाळ्या ठेवलेल्या असतात. त्यांची पूजा करून त्या घरी आणतात व मांडवाच्या मेढीला बांधतात किंवा देवघरापाशी मांडतात. कुंभाराच्या घरून आणलेली मडकी हाही या मांडणीचा भाग असतो. मारुतीचे देऊळ पुष्कळदा वेशीजवळ असते. त्यामुळे देवकाची ही मिरवणूक म्हणजे गावाच्या कडेकडून घराच्या गाभ्याकडे होणारा प्रवास ठरतो. रानातले काही तरी, कुऱ्हाडीसह, घरात येते. ते पाहुणे म्हणून येते आणि कार्य झाल्यावर परत जाते.

मराठी ग्रामव्यवस्थेत वस्तीच्या जमिनीला पांढरी व लागवडीच्या जमिनीला काळी म्हणत. पांढरीत घरे व देवळे, काळीत शेते, आणि त्यांपलीकडे माळ व रान अशी ही विभागणी आहे. देवक माळारानातून किंवा काळीतून पांढरीत आणले जाते. देवकात बहुतेक वेळा धान्य नसून झाडपाला असतो, हेही लक्षणीय आहे. पेरून मिळालेले नव्हे, तर आपोआप उगवलेले त्यात घेतले जाते.

पंचपल्लव हे सर्वांत अधिक आढळणारे देवक होय. धर्मशास्त्रीय ग्रंथांत पिंपळ, उंबर, पायर, आंबा व वड ही पाच झाडे सांगितली आहेत. लोकविधीत मात्र ही यादी जागोजाग पालटते. आंबा, उंबर व जांभूळ यांच्याबरोबर सौंदड आणि रुई यांची पाने घेतल्याचे उल्लेख दख्खनमध्ये मिळतात. सौंदड (शमी) व रुई या अवर्षणातही तग धरणाऱ्या, मुरमाड जमिनीतल्या वनस्पती आहेत. संस्कृत ग्रंथातील पंचक कायम ठेवून त्याचे घटक मात्र पायाखालच्या जमिनीतून घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. याला शास्त्राचे अज्ञान म्हणण्याची प्रथा जुन्या पंडितांत होती. परंतु पाच हा आकडा शास्त्राचा आणि पाने गावची, ही तडजोड इतक्या ठिकाणी दिसते की तिच्यामागे जाण असली पाहिजे.

कुलवाचक देवकांत मोरे घराण्याचे मोराचे पीस, कदमांचे कळंब, साळुंख्यांचे साळुंकीचे पीस, पवारांचे तलवारीची धार, चव्हाणांचे वासुंदीवेल आणि शिंद्यांचे समुद्रवेल ही देवके प्रसिद्ध आहेत. तथापि निरनिराळ्या याद्यांत फरक आढळतो आणि एकाच आडनावाच्या दोन घराण्यांची देवके वेगळी असल्याची उदाहरणेही पुष्कळ आहेत. काही देवके आडनावाशी उच्चारसाम्याने जुळलेली दिसतात. अशा ठिकाणी आडनावावरून देवक आले की देवकावरून आडनाव, याचा निर्णय केवळ साम्यावरून करता येत नाही. समान देवक असलेल्या कुळांत सोयरीक होऊ नये, असा नियम अनेक समाजांत पाळला जाई. विवाह जुळविताना आडनावापेक्षा देवक विचारण्याला महत्त्व होते ते यामुळेच.

यांपैकी कळंब व समुद्रवेल ही देवके भूमिसंबंधाच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहेत. कळंब या नावाने मराठीत दोन झाडे ओळखली जातात : एक पावसाळी मुलखातील मोठ्या पानांचा व नारिंगी-पिवळ्या चेंडूसारख्या फुलोऱ्याचा कदंब, दुसरे कोरड्या पानझडी रानातील लहान पानांचे, फिकट फुलांचे झाड. मावळातील कदम आणि बालाघाटाच्या पायथ्याचा कदम एकच नाव उच्चारून दोन भिन्न झाडांच्या डहाळ्या आणू शकतात. समुद्रवेल तर नावानेच किनाऱ्याची. वाळूत पसरणाऱ्या मर्यादवेलीलाही हे नाव देतात आणि ती घाटावर होत नाही. घाटावरच्या घराण्याने असे देवक सांगितले, तर ते किनाऱ्यावरील जुन्या वास्तव्याची आठवण म्हणून सांगितले जाते की त्या नावाने घाटावरचीच एखादी वेल अभिप्रेत आहे, हे प्रत्येक घराण्यापुरते तपासावे लागते. सरसकट स्थलांतराचा पुरावा म्हणून देवकाचा उपयोग करणे धोक्याचे आहे. नाव टिकते, वनस्पती बदलते. देवक जमिनीला बांधलेले असले, तरी एकाच जमिनीला बांधलेले नसते.

कुर्डुवाडीसारख्या गावात ही गोष्ट स्पष्ट होते. माढा तालुक्यातील हे गाव भीमा व सीना यांच्या दरम्यानच्या कमी पावसाच्या पट्ट्यात आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग १८५९-६० च्या सुमारास येथून गेला. स्थानकाला त्या वेळी बार्शी रोड असे नाव होते. १८९७ मध्ये येथून बार्शीपर्यंत अडीच फुटी अरुंद मार्ग सुरू झाला. १९०६ मध्ये तो पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास व १९२७ मध्ये मिरजेस पोहोचला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची ही बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने घेतली आणि २०१० पर्यंत संपूर्ण मार्गाचे रुंदीकरण झाले. जंक्शन व कारखाना यांच्याभोवती वाढलेल्या अशा वस्तीत घरे नोकरीच्या निमित्ताने येतात. त्यांची काळी अन्यत्र असते, कुलदैवत आणखी अन्यत्र. देवक मात्र लग्नाच्या आदल्या दिवशी, जेथे मांडव तेथे, आणावे लागते. मूळ गावचे झाड मिळाले नाही, तर नावाने जवळचे झाड किंवा पंचपल्लव चालते. रेल्वेने माणसे हलविली, तरी हा विधी मागे राहिला नाही, याचे कारण तो हलविण्याजोगा होता.

व्यवसायी जातींची देवके निराळ्या प्रकारची आहेत. तेल्यांत पहार, कुंभारांत व्यवसायाची साधने, इतर कारागिरांत त्यांची हत्यारे देवक म्हणून पूजिली जातात. येथे झाडाप्राण्यापासून उत्पत्तीचा प्रश्नच उद्भवत नाही. पहारीला कोणी पूर्वज मानत नाही. टोटेमची व्याख्या लावणाऱ्यांना ही देवके नेहमीच अडचणीची ठरली. कित्येकांनी ती ‘उत्तरकालीन’ म्हणून बाजूस सारली.

‘टोटेम’ हा शब्द उत्तर अमेरिकेतील ओजिब्वा लोकांच्या भाषेतून आला. जॉन लाँग या व्यापाऱ्याच्या १७९१ मधील प्रवासवर्णनाने तो इंग्रजीत आणला आणि मॅक्‌लेनन यांनी १८६९-७० मध्ये त्याला मानवी संस्कृतीच्या एका आद्य अवस्थेचे नाव बनविले. स्पेन्सर व गिलन यांचा मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासींवरील ग्रंथ १८९९ मध्ये, फ्रेझर यांचे चार खंड १९१० मध्ये आणि द्यूरकेम यांचा धर्माच्या मूलरूपांवरील ग्रंथ १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. याच काळात, १९०१ नंतर, मुंबई इलाख्यात जातींची मानववंशीय पाहणी चालू होती. तिची फलश्रुती म्हणजे एंथोवेन यांचे मुंबईतील जाती-जमातींवरील तीन खंड (१९२०-२२). त्यांत देवक हे टोटेमच्या चौकटीत बसविण्यात आले. कानडा जिल्ह्यातील ‘बळी’ या बहिर्विवाही गटांची उदाहरणे त्याला जोडीस होती. मराठे व कुणबी यांची देवके सारखीच असल्यामुळे त्यांचे मूळ एक, आणि देवक हे आर्येतर संस्थेचे अवशेष असल्यामुळे ते मूळही आर्येतर, अशी ही विचारसरणी होती.

हा केवळ ग्रंथांतला वाद नव्हता. कोल्हापुरात १८९९ पासून वेदोक्त प्रकरण पेटले होते व मराठ्यांचे क्षत्रियत्व हा सार्वजनिक जीवनातील ज्वलंत प्रश्न बनला होता. पानांच्या जुडीवरून कुळाचा दर्जा ठरू लागल्यावर ती जुडी निरुपद्रवी राहिली नाही. शहाण्णव कुळींच्या छापील वंशावळींत वंश, गोत्र, मूळ गादी, निशाण यांच्या रांगेत देवकाचा रकाना आला. सूर्यवंश वा सोमवंश एका रकान्यात आणि कळंब किंवा मोराचे पीस दुसऱ्यात, असे हे कोष्टक आहे. एकीकडे शासकीय अधिकारी देवकावरून आर्येतरत्व सिद्ध करीत होते, तर दुसरीकडे वंशावळकार त्याला गोत्राशेजारी बसवून क्षत्रियत्वाचे चिन्ह ठरवीत होते. दोघांनीही मांडवातील ताजी डहाळी कागदावर आणून स्थिर केली. घराण्यागणिक व गावागणिक असलेले फरक छापील यादीने पुसले, आणि आज अनेक कुटुंबे आपले देवक अशाच यादीत पाहून ठरवितात.

मध्य ऑस्ट्रेलियातील ज्या समाजांवरून टोटेमचा सिद्धांत उभारला गेला, तेथे प्राणी वा वनस्पतीपेक्षा स्थळ महत्त्वाचे आहे. आद्य पूर्वजांनी प्रवास करताना विशिष्ट झरे, खडक व टेकड्या घडविल्या, अशी तेथील श्रद्धा असून व्यक्तीचे कुलचिन्ह तिला त्या नामवंत स्थळांशी व त्यांच्या रक्षणाच्या कर्तव्याशी जोडते. विधिप्रसंगी जमिनीवर तांबडी व पांढरी माती, वनस्पतींचा कापूस आणि पिसे यांची मोठी रचना करून तो प्रवास दाखवीत. विधी संपला की ती मोडून जाई. युरोपात पिकासो व ब्राक यांनी १९१२ मध्ये चित्रफलकावर कागद चिकटवून ज्याला सुरुवात केली त्या चिक्कणितचित्राची, म्हणजे कोलाजची, आठवण होईल अशी ही रचना आहे. फरक इतकाच, की येथे चिकटविलेली वस्तू त्या भूमीचाच अंश असते. १९७१ मध्ये पापुन्या येथील शाळेत जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने वडीलधाऱ्या पुरुषांनी मधमुंगीच्या पुराणकथेचे भित्तिचित्र काढले आणि तेथून ही चिन्हे फळ्यांवर व कॅनव्हासवर आली. भित्तिचित्र स्वतः पुढे काही वर्षांतच रंग फासून नाहीसे करण्यात आले.

याहून महत्त्वाचे उदाहरण त्याआधीचे आहे. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शासनाने अर्नहेम लँडमधील आदिवासींच्या राखीव प्रदेशाचा एक तुकडा बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेतला. यिरकला येथील योल्ङु लोकांनी आपल्या भाषेत व इंग्रजीत टंकलिखित अर्ज तयार केला, तो झाडाच्या सालीच्या फलकावर चिकटविला आणि भोवती आपल्या कुळांची चिन्हे चौकटीप्रमाणे रंगविली. ऑगस्ट १९६३ मध्ये हे अर्ज संसदेपुढे ठेवण्यात आले. मधला कागद राज्यकर्त्यांच्या कायद्याचा होता, तर भोवतीची चौकट योल्ङूंच्या कायद्याचा दस्तऐवज होती. जमीन कोणाची हे ती चित्रेच सांगत होती. खाण थांबली नाही. १९७१ मध्ये न्यायालयानेही त्यांचा दावा फेटाळला. परंतु त्यानंतर १९७६ मध्ये उत्तर प्रदेशासाठी (नॉर्दर्न टेरिटरी) आदिवासी भूमिहक्कांचा कायदा झाला आणि १९९२ च्या माबो निर्णयाने वसाहतीपूर्वीचा भूमिहक्क देशभर तत्त्वतः मान्य झाला.

कुलचिन्ह व लेखी मजकूर एकाच फलकावर येऊन जमिनीचा दावा मांडतात, असे काही महाराष्ट्रात घडले होते काय? देवकाच्या बाबतीत नाही. पण त्याच्या जवळचा एक प्रकार मराठेशाहीतील महजरांत सापडतो. वतनाचा किंवा शिवेचा तंटा गोतसभेपुढे येई, तेव्हा निवाड्याच्या मोडी कागदावर उपस्थितांची नावे लिहून नावापुढे प्रत्येकाची निशाणी काढीत. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, महाराचा विळा-दोर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची रापी. स्त्री वतनदार असेल तर बांगडी. निरक्षरतेची सोय म्हणून या निशाण्यांकडे पाहण्याचा प्रघात आहे, तो अपुरा आहे. पाटील साक्षर असला तरी नांगर काढला जाई. नांगराने व्यक्तीची ओळख पटते ती गौण होय. गावाच्या जमिनीत त्या माणसाचा वाटा कोणत्या कामामुळे आहे, हे नांगर सांगतो. कारागिरांच्या देवकांत जी अवजारे पूजिली जातात, त्याच जातीची अवजारे येथे साक्ष देतात. पहारीला टोटेम मानावे की नाही, या वादापेक्षा हे साम्य अधिक बोलके आहे.

ब्रिटिश अमलात ही व्यवस्था मोडली, आणि तिचा आरंभ कुर्डुवाडीपासून फार दूर झाला नाही. भीमेपलीकडील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये रयतवारी पाहणीची जी पद्धत बसविली, ती लगोलग सोलापूरकडील तालुक्यांत आणि पुढे साऱ्या इलाख्यात पसरली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीला मोजणीचा दगड आला, हक्क सरकारी नोंदीत गेला. गोतसभेला विचारण्याचे कारण उरले नाही, त्यामुळे नांगर, तराजू, विळा यांनाही. जमिनीविषयी बोलण्याचा अधिकार गेल्यावर ही चिन्हे विवाहविधीपुरती उरली. नंतरच्या पाहणीकारांना ती ‘आदिम श्रद्धेचे अवशेष’ वाटली, यात म्हणून नवल नाही. अवशेष ती मुळात नव्हती. त्यांचा एक बाजूचा उपयोग जेमतेम दोन पिढ्यांपूर्वी काढून घेण्यात आला होता.

आदिवासी समाजांत या संबंधाचे चित्ररूप अधिक ठळक आहे. विदर्भातील गोंडांचे गट देवसंख्येवरून ओळखले जातात व कासव, साळिंदर, वाघ यांसारखे प्राणी त्या त्या गटास पूज्य असतात. ठाणे व पालघर जिल्ह्यांतील वारल्यांत विवाहाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. चौकटीत पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव आणि बाहेर झाडे, जनावरे, माणसे यांचे रान असते. देवक ज्या रानातून फांदीच्या रूपाने आणतात, ते रानच येथे भिंतीवर उतरते. १९७० नंतरच्या दशकात ही चित्रे कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी स्त्रियांच्या या विधिकलेला स्वतंत्र चित्रकलेचे रूप दिले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पॅरिस येथे १९८९ मध्ये भरलेल्या ‘माजिसियँ द ला तेर’ या प्रदर्शनात म्हसे यांची चित्रे होती आणि यूएंडुमू येथून आलेल्या वार्लपिरी कलावंतांनी जमिनीवर केलेली रचनाही होती. नामसादृश्य योगायोगाचे आहे. वार्लपिरींच्या रचनेस त्यांच्या देशात भूमिहक्काच्या दाव्याचे बळ प्राप्त झाले होते, तर वारल्यांचा जमिनीसाठीचा लढा (१९४५ चे आंदोलन त्यात प्रमुख) त्यांच्या चौकापासून वेगळा, वेठबिगारी व जमीनदारी यांच्या परिभाषेत लढला गेला.

अलीकडे मंगल कार्यालयांच्या प्रसारामुळे देवक आणण्याचा प्रवास आखूड झाला आहे. सूप, मडकी व पाने यांचा तयार संच विवाहसाहित्याच्या दुकानांत मिळतो. कुऱ्हाड प्रतीकापुरती उरते किंवा नसतेच. तरी देवक बसविल्यावाचून हळद लागत नाही, ही समजूत पुष्कळ घरांत कायम आहे.

कुर्डुवाडीच्या पश्चिमेस, माढा तालुक्यातच, भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि करमाळा, इंदापूर आदी तालुक्यांतील अनेक गावे जलाशयाखाली गेली. विस्थापितांची नवी गावठाणे वसली. पांढरी हलली, काळी बुडाली. लग्नांत देवके पूर्वीप्रमाणेच बसविली जातात, पाने मात्र नव्या शिवारातील असतात. पळसदेव येथील जुने देऊळ तेवढे जुन्या जागी राहिले असून, ज्या वर्षी पाणी फार उतरते त्या वर्षी त्याचे शिखर आणि खालचा दगडी भाग उघडा पडतो. तेथील देवाचे नाव पळसनाथ असे आहे.